फोड कोणत्या थरात फुटतो? पेम्फिगसच्या निदानाचा आणि उपचारांचा इतिहास

#थ्रेड

१/
प्रारंभ बहुधा तोंडात होतो. गालाच्या आतल्या बाजूस, टाळ्यावर किंवा हिरड्यांवर जखमा होतात, त्या भरत नाहीत आणि घास गिळणे अवघड होऊन बसते. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी छातीवर, पाठीवर, डोक्यावर पातळ आवरणाचे सैल फोड उठतात. ते लगेच फुटतात आणि मागे उरते ती सोललेली, ओली, आग होणारी कातडी. या व्याधीचे नाव पेम्फिगस व्हल्गॅरिस. स्टेरॉइड औषधे येण्यापूर्वी या रोगाचे सुमारे ७५ टक्के रुग्ण वर्षभरात दगावत.

२/
आज वेळेवर उपचार मिळालेले बहुसंख्य रुग्ण जगतात, आणि त्यांतील अनेक पुन्हा नेहमीच्या आयुष्यात परततात. या बदलाचे श्रेय सामान्यतः एका औषधाला दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. औषधाइतकेच महत्त्व एका साध्या प्रश्नाला आहे: फोड त्वचेच्या नेमक्या कोणत्या थरात फुटतो? हा प्रश्न नीट विचारला जाण्यास आणि त्याचे उत्तर मिळण्यास जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

३/
जुन्या वैद्यकाने या व्याधींना डोळ्यांना दिसले ते नाव दिले. ग्रीक भाषेत ‘पेम्फिक्स’ म्हणजे बुडबुडा किंवा फोड. हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतील ग्रंथांत फोडांसह येणाऱ्या तापाचा उल्लेख सापडतो. आपल्याकडे माधवनिदानात ‘विस्फोट’ या नावाने स्वतंत्र प्रकरण आहे. हे फोड म्हणजे आजचा पेम्फिगसच, असे मात्र म्हणता येत नाही. कांजिण्या, भाजणे, जंतुसंसर्ग, औषधाची विपरीत प्रतिक्रिया, सगळ्यांतच फोड येतात. नाव फोडाचे होते, रोगाचे नव्हते.

४/
अठराव्या शतकात वनस्पतींप्रमाणे रोगांचेही वर्गीकरण करण्याची लाट युरोपात आली. फ्रान्समधील माँपेलिये येथील बोआसिये द सोव्हाज यांनी ‘पेम्फिगस’ हा शब्द रोगनाम म्हणून वापरला. १७९१ साली हॅनोव्हरचे वैद्य योहान एर्न्स्ट विखमान यांनी त्याला आजच्या अर्थाच्या जवळ नेले. तरीही पुढील दीडशे वर्षे मोठे फोड येणारा जवळजवळ प्रत्येक आजार ‘पेम्फिगस’च्या कोठडीत कोंबला जात राहिला. नवजात बालकांच्या संसर्गजन्य फोडांनाही ‘नवजातांचा पेम्फिगस’ म्हणत. हे चुकीचे नाव पुढे पुन्हा भेटेल.

५/
एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे सेंट-लुई रुग्णालय आणि व्हिएन्नाचे सार्वजनिक रुग्णालय ही त्वचारोगशास्त्राची दोन मोठी केंद्रे होती. सेंट-लुईतील आल्फे काझनाव्ह यांनी १८४४ साली एक निराळा प्रकार नोंदवला. यात फोड क्वचितच टिकलेला दिसे. साऱ्या अंगावर पानांसारखे पापुद्रे सुटत आणि तोंड मात्र सुटलेले असे. त्याला नाव मिळाले पेम्फिगस फोलिएशियस, म्हणजे पर्णसदृश पेम्फिगस. काझनाव्ह यांनी टिपलेला हा फरक किती मूलगामी होता, हे कळायला आणखी दीड शतक जायचे होते.

६/
व्हिएन्नात फर्डिनांड फॉन हेब्रा यांच्यापुढील अडचण अगदी व्यावहारिक होती. अंगभर सोललेल्या माणसाला निजवायचे कशावर? चादर जखमेला चिकटते, आणि ती सोडवताना नवी कातडी निघते. हेब्रा यांनी रुग्णांना कोमट पाण्याच्या खास टबात ठेवले. त्यातच ते जेवत आणि झोपत. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे, तर काही महिनोन् महिने पाण्यात राहिले. त्यातून वेदना कमी होत असे. रोग मात्र हटत नसे.

७/
मृत्यू नेमका कशाने येई? त्वचा हा शरीराचा बांध आहे. तो फुटला की पाणी, क्षार आणि प्रथिने वाहून जातात आणि जंतूंना रान मोकळे मिळते. तोंडातल्या जखमांमुळे अन्न जात नाही, म्हणून झीज भरून निघत नाही. अखेर रक्तात जंतुसंसर्ग पसरतो. त्या काळी आर्सेनिक हे मोठ्या भरवशाचे औषध मानले जाई. पुढे क्विनाइन, सोन्याचे क्षार आणि निद्रारोगावरील जर्मानिनही देऊन पाहिले गेले. खात्रीचा उपाय त्यांत एकही निघाला नाही.

८/
निदानात पहिले निर्णायक पाऊल पडले ते केवळ बोटाने. १८९६ साली कीव्ह येथे प्योत्र निकोल्स्की यांनी पेम्फिगस फोलिएशियसवरील आपल्या प्रबंधात एक निरीक्षण मांडले. फोडाशेजारची निरोगी दिसणारी कातडी अंगठ्याने दाबून सरकवली, तर वरचा पापुद्रा ओल्या भिंतीवरच्या चुन्यासारखा निसटतो. याचा अर्थ असा की, फोड दिसण्यापूर्वीच त्वचेतील जोड सैल झालेले असतात. ‘निकोल्स्की चिन्ह’ आजही प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञ तपासून पाहतो. त्याला यंत्र लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

९/
जोड सैल होण्याच्या या क्रियेला व्हिएन्नाच्या हाइनरिक आउस्पिट्झ यांनी १८८१ सालीच ‘ॲकँथोलिसिस’ हा शब्द दिला होता. बाह्यत्वचा ही पेशींच्या विटा रचून केलेली भिंत आहे, असे मानले तर ॲकँथोलिसिस म्हणजे विटांमधला चुना निघून जाणे. पण ही क्रिया नेमक्या कोणत्या रोगांत होते आणि कोणत्यांत होत नाही, याकडे पुढची साठ वर्षे फारसे कोणी काटेकोरपणे पाहिले नाही.

१०/
ते काम १९४३ साली पॅरिसमध्ये आशिल सिव्हात यांनी केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले की खऱ्या पेम्फिगसमध्ये पेशी एकमेकींपासून सुटतात. फोड येणाऱ्या इतर अनेक रोगांत तसे घडत नाही. १९४७ साली आर्नो झँक यांनी याच तत्त्वावर एक झटपट चाचणी रूढ केली. ताज्या फोडाचे छत उघडायचे, तळ हलकेच खरवडायचा, काचपट्टीवर पसरून रंग द्यायचा. सुटलेल्या, गोल झालेल्या, मोठ्या केंद्रकाच्या पेशी दिसल्या तर संशय बळावतो. हेच झँक फ्रान्समधील रक्तसंक्रमण सेवेचे एक आद्य प्रवर्तक होते.

११/
यानंतरचे पाऊल वॉल्टर लीव्हर यांचे. १९३०च्या दशकात जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या आणि बोस्टनमध्ये काम करणाऱ्या लीव्हर यांनी १९५३ साली जुन्या ‘पेम्फिगस’चे सरळ दोन भाग केले. एका गटात फोड बाह्यत्वचेच्या आत, तळाच्या पेशींच्या अगदी वर फुटत होता. दुसऱ्या गटात संपूर्ण बाह्यत्वचाच खालच्या थरापासून उचलली जात होती. या दुसऱ्या गटाला त्यांनी नाव दिले बुलस पेम्फिगॉइड.

१२/
हा केवळ नावांचा खेळ नव्हता. पेम्फिगसमध्ये फोडाचे छत पातळ असते, म्हणून तो सैल आणि अल्पायुषी असतो. पेम्फिगॉइडमध्ये छत म्हणजे पूर्ण बाह्यत्वचा, म्हणून फोड टणक आणि टिकाऊ असतो. पेम्फिगॉइड प्रामुख्याने वृद्धांना होतो, त्यात खाज प्रचंड असते आणि तोंड बहुधा वाचते. त्या काळी एका रोगात मृत्यू जवळपास ठरलेला, तर दुसऱ्यात बरे होण्याची वाजवी आशा असे. दोन्ही एकाच नावाखाली असताना कोणते औषध खरोखर गुणकारी आहे, हे कळणेच शक्य नव्हते. आपोआप सुधारलेल्या पेम्फिगॉइडच्या रुग्णाचे श्रेय एखादे निरुपयोगी औषध सहज घेऊन जाई.

१३/
याच सुमारास औषधही हाती आले. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण चालू लागला. १९५० साली हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेयुस राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लवकरच हे औषध पेम्फिगसमध्ये वापरले गेले. नवे फोड थांबले, जुन्या जखमा भरल्या. एका पिढीच्या आत प्राणघातक रोग आटोक्यात येण्याजोगा झाला.

१४/
पण त्याची किंमतही मोठी होती. काही पद्धतींत प्रेडनिसोन दिवसाला २०० ते ४०० मिलीग्रॅम इतक्या मात्रेत आठवडेच्या आठवडे दिले जाई. त्यातून मधुमेह, रक्तदाब, हाडांची झीज, जठराचे व्रण आणि सर्वांत घातक म्हणजे जंतुसंसर्ग उद्भवत. रोगाने मरणाऱ्यांची संख्या घटली आणि उपचाराने मरणाऱ्यांची वाढली. मात्रा कमी करावी तर फोड परत येत. आझाथायोप्रिनसारखी औषधे जोडून स्टेरॉइडची मात्रा कमी राखण्याचे प्रयत्न सुरू झाले. मूळ प्रश्न मात्र उरलाच होता. पेशींमधले जोड तोडते कोण?

१५/
उत्तर शोधण्याच्या वाटेवर एक जुना सिद्धांत आडवा होता. १९०१ साली पाउल एरलिख यांनी म्हटले होते की शरीर स्वतःवरच विषप्रयोग करण्यास कचरते. ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ ही त्यांची संज्ञा पुढे जणू नियमच मानली गेली. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठात अर्नेस्ट विटेब्स्की हे या मताचे खंदे पुरस्कर्ते होते. पण त्यांच्याच विभागात १९५०च्या दशकात नोएल रोझ यांनी सशांवर प्रयोग केले, आणि सशाचे शरीर स्वतःच्याच कंठस्थ ग्रंथीवर हल्ला करू शकते हे दिसून आले. विटेब्स्की यांनी पुरावा तपासला आणि आपले मत बदलले.

१६/
त्याच बफेलोत १९६४ साली अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी पेम्फिगसच्या रुग्णांचे रक्तद्रव घेतले. ते त्वचेच्या पातळ छेदावर ओतले आणि चमकणारा रंग जोडलेल्या प्रतिपिंडांनी तपासले. ही तंत्रविद्या हार्वर्डच्या आल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली आणली होती. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक दिसली, आणि तीही कोठे? पेशींच्या भोवताली, मासेमारीच्या जाळ्यासारखी. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातील प्रतिपिंडे नेमकी पेशींच्या जोडांवर जाऊन बसत होती.

१७/
१९६७ साली याच गटाने पेम्फिगॉइडचे रक्तद्रव तपासले. तेथे जाळे दिसले नाही. बाह्यत्वचेच्या तळाशी एक सलग, सरळ रेषा चमकली. लीव्हर यांनी १४ वर्षांपूर्वी केवळ आकार पाहून केलेली विभागणी आता कारणानेही सिद्ध झाली. डोळा, बोट आणि सूक्ष्मदर्शक यांनी ज्याची चाहूल दिली होती, ते प्रकाशाच्या दोन आकृत्यांत स्पष्ट झाले. जाळे म्हणजे पेम्फिगस आणि रेषा म्हणजे पेम्फिगॉइड.

१८/
एक शंका तरीही उरत होती. प्रतिपिंडे हे रोगाचे कारण की परिणाम? १९८२ साली ग्रँट ॲनहाल्ट आणि सहकाऱ्यांनी रुग्णांची शुद्ध केलेली प्रतिपिंडे उंदरांच्या नवजात पिल्लांना टोचली. पिल्लांना फोड आले. संशयाला जागा उरली नाही. १९९१ साली मासायुकी आमागाई, जॉन स्टॅनली आणि सहकाऱ्यांनी त्या प्रतिपिंडांचे लक्ष्य शोधून काढले. पेशींना एकमेकींशी बांधणाऱ्या प्रथिनांच्या कुळातील ते एक प्रथिन होते. आज ते डेस्मोग्लीन-३ म्हणून ओळखले जाते.

१९/
येथे काझनाव्ह यांचे १८४४ मधील निरीक्षण उलगडते. डेस्मोग्लीन-३ तोंडाच्या अस्तरात आणि त्वचेच्या खालच्या थरांत मुबलक असते, तर डेस्मोग्लीन-१ त्वचेच्या वरच्या थरांत. व्हल्गॅरिसमध्ये हल्ला डेस्मोग्लीन-३ वर होतो, म्हणून तोंड आधी सोलते. पुढे डेस्मोग्लीन-१ वरही प्रतिपिंडे आली की त्वचेवर फोड उठतात. फोलिएशियसमध्ये हल्ला फक्त डेस्मोग्लीन-१ वर होतो. वरचा पापुद्रा तेवढा सुटतो आणि तोंड वाचते.

२०/
आणि तो ‘नवजातांचा पेम्फिगस’? तो वास्तविक स्टॅफिलोकोकस जंतूमुळे होणारा संसर्ग. पण २००० साली आमागाई आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या जंतूचे विष नेमके डेस्मोग्लीन-१ कापते. म्हणजे एका रोगात शरीराची प्रतिपिंडे आणि दुसऱ्यात जंतूचे विष एकाच दोरीवर सुरी चालवत होते. जुन्या वैद्यांचे नाव चुकले होते, पण दोन रोगांतले साम्य त्यांच्या डोळ्यांनी अचूक टिपले होते.

२१/
फोलिएशियसचा एक प्रकार ब्राझीलच्या ग्रामीण भागांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. अंगाची लाही होते म्हणून लोक त्याला ‘फोगो सेल्व्हाजेम’, म्हणजे रानवणवा म्हणतात. तो संसर्गजन्य नाही, तरी भीतीपोटी रुग्ण वाळीत पडत. १९५७ साली उबेराबा शहरात आसरा गमावलेल्या अशा काही रुग्णांना आपारेसिदा कोन्सेइसाओ फेरेरा या परिचारिकेने स्वतःच्या घरी नेले. त्यातूनच पेम्फिगससाठीचे रुग्णालय उभे राहिले. पुढील संशोधनात रक्त शोषणाऱ्या माशांच्या लाळेतील प्रथिनांकडे संशयाची सुई वळली आहे. त्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे चुकून डेस्मोग्लीन-१ लाही चिकटतात, असे दिसते.

२२/
भारतात प्रश्न वेगळा होता. रुग्ण अनेकदा तरुण किंवा मध्यमवयीन, घरातला कमावता माणूस. महिनोन् महिने रुग्णालयात राहणे त्याला परवडत नसे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकाच्या प्रारंभी निराळी पद्धत आणली. सलग तीन दिवस १०० मिलीग्रॅम डेक्सामेथासोन सलाइनमधून, दुसऱ्या दिवशी ५०० मिलीग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, आणि हाच क्रम दर २८ दिवसांनी. मधल्या काळात रोज ५० मिलीग्रॅम सायक्लोफॉस्फामाइडची गोळी. १९८४ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली.

२३/
तिचे मर्म तिच्या साधेपणात होते. मोठ्या मात्रेसाठी अन्यत्र मिथाइलप्रेडनिसोलोन वापरत. ते महाग, तर डेक्सामेथासोन स्वस्त आणि तालुक्याच्या ठिकाणीही मिळणारे. महिन्यातले तीन दिवस रुग्णालयात, उरलेले कामावर. देशभरातील त्वचारोग विभागांनी ही ‘पल्स’ पद्धत स्वीकारली. तिच्या मर्यादाही होत्या. सायक्लोफॉस्फामाइडमुळे वंध्यत्व येऊ शकते, म्हणून मूल हवे असलेल्यांना दुसरी औषधे द्यावी लागत. जर्मनीतील एका छोट्या तुलनात्मक चाचणीत तिचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले नाही. तरीही हजारो भारतीय रुग्णांच्या वाट्याला रोगमुक्तीची वर्षे आली ती याच मार्गाने.

२४/
शुश्रूषेतही हेब्रांचा जुना प्रश्न कायम होता. रुग्णाला निजवायचे कशावर? भारतीय रुग्णालयांतील उत्तर म्हणजे केळीचे पान: मोठे, गुळगुळीत, थंड आणि जखमेला न चिकटणारे. भाजलेल्या रुग्णांवर या पानाच्या पट्टीचा पद्धतशीर अभ्यास मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयाच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केला आणि तो २००३ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घरोघरी जेवणाच्या पंगतीत मांडले जाणारे पान वैद्यकीय साहित्यात दाखल झाले.

२५/
एकविसाव्या शतकात उपचार थेट प्रतिपिंडांच्या उगमाकडे वळला. रिटुक्सिमॅब हे मुळात रक्ताच्या एका कर्करोगावरचे औषध. पुढे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींत ज्यांचे रूपांतर होते, त्या बी-पेशी ते नष्ट करते. २०१७ साली पास्काल जोली आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधील ९० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. रिटुक्सिमॅब आणि अल्पकाळ स्टेरॉइड घेतलेल्या गटात दोन वर्षांनी ८९ टक्के रुग्ण औषधाविना पूर्ण बरे होते, तर केवळ स्टेरॉइडच्या गटात ३४ टक्के. २०१८ साली अमेरिकेने या रोगासाठी त्याला मान्यता दिली. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ सालीच त्याची स्वस्त आवृत्ती बाजारात आणली होती. त्यामुळे ते अनेक भारतीय रुग्णांच्या आवाक्यात आले, सर्वांच्या मात्र नाही.

२६/
इतक्या साधनांनंतरही सर्वांत मोठे नुकसान होते ते विलंबाने. तोंडातल्या जखमांना ‘उष्णता’ म्हणून घरगुती उपाय होतात, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या जातात, दात काढले जातात. तपासणीतही एक छोटी चूक महाग पडते. ताज्या फोडाच्या कडेचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये पाठवायचा असतो. पण शेजारच्या अखंड त्वचेचा दुसरा तुकडा चमक-तपासणीसाठी वेगळ्या द्रावणात ठेवावा लागतो. तोही फॉर्मेलिनमध्ये गेला, तर १९६४ साली दिसलेले ते जाळे दिसण्याची आशा उरत नाही.

२७/
या इतिहासात चमत्कारिक औषधांची नावे ठळक दिसतात, पण त्या औषधांना अर्थ आला तो फरक ओळखणाऱ्या माणसांमुळे. काझनाव्ह यांनी पापुद्रा आणि फोड वेगळा केला, निकोल्स्की यांनी निरोगी दिसणारी कातडी दाबून पाहिली, लीव्हर यांनी फुटण्याची खोली मोजली, ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी जोडांवर बसलेला शत्रू दाखवला. एका थराचा फरक म्हणजे मिलिमीटरचाही एक अंश. पण त्याच फरकावर कोणते औषध, किती काळ आणि कितपत आशा, हे सारे ठरते. तीन आठवड्यांनंतरही न भरणारी तोंडातली जखम तज्ज्ञाला दाखवावी, हा या दोनशे वर्षांच्या इतिहासाचा सर्वांत व्यवहारी धडा आहे.

#इतिहास #वैद्यकाचा_इतिहास #मराठी